बोर्ड खाली करो

जानेवारीत लखनौला काही वाळत नाही. कपडे नाहीत, फरशी नाही, केस नाहीत, कागद तर नाहीच. इथले लोक या थंडीला गलन म्हणतात. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं होतं, हा शब्द हाडांसाठी असावा. तो मोज्यांसाठीही आहे. सृष्टीचा लोकरी मोजा सोमवारी दोरीवर टाकला तर गुरुवारी हाताला 'जवळजवळ' लागतो, आणि जवळजवळ वाळलेला मोजा चार वर्षांच्या पोरीच्या पायात घालता येत नाही. मग तो आणखी कुठेतरी अडकवायचा.

वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्या हिवाळ्यात प्रत्येक वस्तूला जोडधंदा लागला होता. खुर्चीच्या पाठीला स्वेटर, हीटरच्या जाळीवर टोपी, कुकरच्या मुठीला मोजा. सत्यजितच्या साइटवरच्या पिवळ्या हेल्मेटवर इनरची एक बाही. सत्यजित रेल्वेत इंजिनिअर आहे. कोहऱ्यात, म्हणजे इथल्या दाट धुक्यात, गाड्या उशिरा धावतात आणि त्याच्या खात्यातली माणसं त्याहून उशिरा घरी येतात, त्यामुळे हेल्मेट आमच्या वाट्याला यायचं ते तो झोपलेला असतानाच.

मी हे सगळं काढायला लागले. विषय ठरवून नाही, समोर होतं म्हणून. आधी टाकानं काळ्या, पक्क्या शाईच्या रेघा. त्या वाळल्या की वरून पाण्याचे रंग, पातळ, एकावर एक. मे महिन्यात ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळून कडा धरतं. जानेवारीत उलट. एक हात दिला की कागद बराच वेळ नुसता बसून राहतो. वाळला की नाही ते डोळ्यांना कळत नाही, गालाला लावून बघावं लागतं. गार लागला तर अजून नाही.

सृष्टीनं हे उचललं होतं. तिचे मेणखडूचे कागदही ती गालाला लावायची आणि गंभीरपणे जाहीर करायची, हमारा सूख गया.

सृष्टीला मराठी सगळं कळतं. उत्तर हिंदीत येतं, आणि तेही इथलं, ज्यात माणूस एकटा असला तरी स्वतःला हम म्हणतो. हम दूध नहीं पिएँगे. हम नहाएँगे नहीं. दिवाळीनंतर माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा पहिले काही दिवस त्या प्रत्येक वेळी विचारायच्या, "हम म्हणजे कोण कोण गं?" आणि सृष्टी मागे वळून बघायची, खरंच कुणी उभं आहे का.

आईंची हिंदी वेगळ्या प्रकारची. क्रियापदं हिंदीची, उरलेलं सगळं सांगलीचं, आणि आवाजात तिळाएवढीही शंका नाही. आल्या त्याच आठवड्यात त्या आमच्या मजल्यावर लिफ्टपाशी उभ्या होत्या. दार उघडलं, आत शेजारचे तिवारीजी. आईंनी विचारलं, लिफ्ट खाली जा रही है क्या? तिवारीजींनी स्वतःकडे पाहिलं, मग नम्रपणे म्हणाले, नहीं माताजी, हम हैं न इसमें. दार मिटलं. आई जिन्यानं उतरल्या आणि संध्याकाळी मला सांगत होत्या की इथली माणसं बोलायला गोड आहेत, पण विचारलेल्याचं उत्तर देत नाहीत.

मी हसले आणि खाली म्हणजे इथे रिकामं, हे त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहिती आहे की. खाली डबा म्हणतो आपण." माहिती असणं आणि तोंडात येणं यांत अंतर असतं, तेवढं त्यांनी सोडून दिलं. मीही.

*

मोज्यांची चित्रं मी फोनवर टाकत होते. ती गोमती नगरमधल्या दीप्ती सक्सेनांनी पाहिली. त्यांच्या घराच्या तळमजल्यावर एक छोटी गॅलरी आहे, दोन खोल्यांची. जानेवारीच्या शेवटी तिथे काही जणांचं मिळून प्रदर्शन होतं. त्यांनी मला फोन करून एक भिंत देऊ केली. लहान चित्रं पाच, मध्ये एक मोठं.

लग्नाआधी कोल्हापुरात माझी चित्रं दोनदा भिंतीवर लागली होती. सृष्टी झाल्यापासून एकदाही नाही. लोक विचारतात, अजून काढतेस ना? त्यात 'अजून' हा शब्द ते फार मऊपणे उच्चारतात. एखाद्या आजाऱ्याची चौकशी करावी तसा. मला ती भिंत हवी होती. तिथून कुणी चित्र विकत घ्यावं, असंही नाही. ते 'अजून' एकदा निघून जावं, एवढंच.

पाच लहान चित्रं डिसेंबरातच झाली. सृष्टी शाळेतून दमून यायची, जेवून झोपायची. ती झोपली की डायनिंग टेबलाची खिडकीकडची बाजू माझी. ती उठली की ते पुन्हा डायनिंग टेबल. जानेवारी लागला आणि थंडीमुळे डीएमचा, म्हणजे इथल्या कलेक्टरचा, आदेश आला, शाळा बंद. मग आणखी एक आदेश, आणखी बंद. शाळेतून आलेली सृष्टी झोपते. घरीच असलेली सृष्टी झोपत नाही, नुसती आडवी होते आणि छताशी बोलते. तेवढ्यात मी एक हात देऊन घ्यायचे.

मोठं चित्र आईंच्या साडीचं होतं. त्यांची एक मऊ सुती साडी आहे, इचलकरंजीची, शेवाळासारखी हिरवी. बाल्कनीत ती वाळेना म्हणून त्यांनी खिडकीच्या गजापासून झोपायच्या खोलीच्या दारापर्यंत दोरी बांधली आणि साडी खोलीभर आडवी टाकली. घराचे दोन भाग झाले. पलीकडच्या भागात हीटर होता, त्याच्यापुढे सृष्टी मांडी घालून बसली होती, आणि तिची सावली साडीवर आली होती. वरच्या बाजूला चिमट्यांची रांग. साडी पाण्यानं जड होऊन मध्ये पोक काढून खाली आलेली.

रेघा मी तिथल्या तिथे, उभ्यानं काढल्या. घरातल्या शेवटच्या मोठ्या कागदावर, तो बोर्डाला चारी बाजूंनी गमटेपनं ताणून बसवून. रंगाला वेळ लागला. तो हिरवा ट्यूबमधून निघत नव्हता. आधी पिवळा, तो वाळू द्यायचा, मग निळा, तो वाळू द्यायचा, मग भाजल्या मातीचा अगदी पातळ तपकिरी. छताशी चाललेल्या एका संभाषणात एक हात. असं करत करत तो हिरवा साडीसारखा दिसायला लागला, म्हणजे जुना आणि अंगाला ओळखीचा. फक्त सावली राहिली होती. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती.

मधल्या काळात बोर्ड फ्रिजच्या डोक्यावर राहायचा. तिथे सृष्टीचा हात पोचत नाही आणि फ्रिजची ऊब वर येते.

*

संक्रांतीच्या दिवशी दुपारी मी पाच चित्रं फोल्डरमध्ये घालून गोमती नगरला गेले. दीप्तीजींनी ती जमिनीवर मांडली, मागे सरकून पाहिली, चहा मागवला. कुकरच्या मुठीवरचा मोजा त्यांना आवडला. म्हणाल्या की त्यांच्या सासूही असंच करायच्या, फक्त पतेल्यावर. मग त्यांनी भिंत दाखवली, दारातून शिरल्यावर समोरच दिसणारी. मधल्या जागेवर त्यांनी हाताचा पंजा ठेवला.

"बड़ी वाली के बिना ये दीवार खाली लगेगी," त्या म्हणाल्या. "परसों दोपहर तक दे दीजिए, सावनी जी. नहीं तो हमें किसी और को देनी पड़ेगी. बुरा मत मानिएगा."

मी म्हटलं, बुरा कशाला मानायचं, फक्त सावली राहिली आहे. परवा म्हणजे शुक्रवार. उद्या दुपारी सावली होईल, रात्रभर फ्रिजवर, शुक्रवारी सकाळी गालाला लावून बघायचं आणि निघायचं. परतताना ई-रिक्षात मी सावलीचा रंग मनात कालवत बसले होते.

घरात शिरले तेव्हा गुळाचा वास होता. आई ओट्यापाशी वड्यांचा पाक ढवळत होत्या, कामाला येणारी फूलमती भांडी घासत होती, सृष्टी तिळाच्या वाटीपाशी बसून एकेक तीळ जिभेला चिकटवत होती. भिंतीला टेकून माझा बोर्ड उभा होता. स्वच्छ. नवा आणला तेव्हाही इतका स्वच्छ नव्हता.

कागद दोरीवर होता. टोपी आणि मोज्याच्या मध्ये, चार चिमटे लावून, नीट ताणून वाळत घातलेला. खालच्या कडेवरून थेंब पडत होते, आणि थेंबांत अजून किंचित हिरवं होतं.

मी जवळ गेले. रेघा होत्या. दोरी, चिमटे, साडीचा काठ, खिडकीचा गज, सगळं जागच्या जागी. पक्की शाई. रंगाच्या जागी एक फिकट डाग होता, घासणीच्या गोल गोल फिरण्याचा. सवयीनं मी गाल लावला. गार होता.

झालं असं होतं. वड्या थापायला आईंना मोठी परात हवी होती. परात फ्रिजवर, बोर्डामागे. आईंचा हात पोचेना, फूलमती उंच आहे. आईंनी पाक ढवळता ढवळता तिला सांगितलं, वो ऊपर का बोर्ड खाली करो. हात खाली कर, मान खाली कर, तसा बोर्ड खाली कर. फूलमतीनं बोर्ड उतरवला, परात दिली आणि बोर्ड न्हाणीत नेला. गमटेप पाण्याशिवाय सुटत नाही, म्हणून तो बादलीत बुडवला. कागद सोडवला, बोर्ड घासला. आणि सृष्टीचे खडूचे रंग भिंतीवरून, फरशीवरून रोजच घासायला लावतात, तेव्हा कागदही घासला. टाकून मात्र दिला नाही. ती सृष्टीला गुड़िया म्हणते, आणि गुड़ियाचा कागद टाकला की गुड़िया रडते, हे तिला माहीत होतं.

यातलं पुष्कळ मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या वेळी आई एवढंच म्हणाल्या की मी हिला खाली कर म्हटलं होतं, नुसतं खाली, हिनं हे काय करून ठेवलं. फूलमती ओले हात पदराला पुसत उभी राहिली. माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी बिघडलंय एवढं तिला कळलं होतं, पण कुठलं ते नाही.

"रंग पूरा छूटा नहीं, भाभी," ती म्हणाली. "हमने बहुत घिसा."

आई फूलमतीकडे बघत होत्या, फूलमती माझ्याकडे. सृष्टीनं जिभेवरचा तीळ गिळला आणि तिघींना एकदम सांगितलं, चुकीच्या दारावर बेल वाजवणाऱ्याला सांगावं तसं.

"आजी ने आजी वाला खाली बोला. दीदी ने दीदी वाला खाली कर दिया."

आईंनी गॅस बंद केला. पाक तोवर पुढे गेला होता. त्या दिवशी वड्या पडल्या नाहीत, परातीत एक तपकिरी पाटी तयार झाली, ती सत्यजितनं रात्री बत्त्यानं फोडली. त्यानं फोडता फोडता विचारलं की दीप्तीजींना सांगून दोन दिवस वाढवून घेता येतील का. मी म्हटलं, वाढवून घेतलेले दिवस कुठल्या दुपारी ठेवू? तो म्हणाला, अच्छा. आणि एक तुकडा माझ्या हातावर ठेवून म्हणाला, गोड बोल.

फूलमती जाताना आईंनी तिला पाटीचा मोठा तुकडा बांधून दिला होता. पण बोलल्या नव्हत्या.

*

दुसऱ्या दिवशी इथली खिचड़ी, म्हणजे यांची संक्रांत. फूलमती आली नाही. सणाला ती भावाकडे जाते, येत नाहीच, पण आई सकाळपासून तीन-चारदा दारापर्यंत जाऊन आल्या. ती सोडून तर गेली नाही ना, असं त्यांनी मला विचारलं नाही. तिच्या भावाचं गाव कुठलं, तिथे फोन लागतो का, एवढंच विचारलं.

मी कागद टेबलावर घेतला. कोपऱ्यात ब्रशनं एक रेघ ओढून पाहिली. रंग टीपकागदात शिरावा तसा आत गेला आणि चहूकडे केस फुटले. कागदाला वरून खळ असते, ती पाणी धरून ठेवते. खळ घासून गेली होती. त्या बाजूवर आता काही उभं राहणार नव्हतं. एवढा कागद लखनौमध्ये मिळत नाही, मी मुंबईहून मागवते, आणि कोहऱ्यात कुरियर कधी येतं ते कुरियरवाल्यालाही माहीत नसतं.

मी तो उलटा केला. मागची बाजू कोरी होती, थोडी खरखरीत, पण खळ शाबूत. खिडकीच्या काचेला लावला तर पलीकडच्या रेघा अंधुक दिसत होत्या. पेन्सिल घेऊन त्या गिरवायला लागले. चिमट्यांची रांग झाली. साडीची वरची कड झाली. पोक आलं तिथे मी थांबले. आधी मी साडीकडे बघून रेघ काढली होती, आता रेघेकडे बघून रेघ काढत होते. ती साडी नव्हती, साडीचा पत्ता होता. पेन्सिल खोडली.

साडी तर केव्हाच वाळली होती. भोगीच्या दिवशी आईंनी तिला इस्त्री करून, घडी घालून बॅगेत ठेवलं होतं. माझ्याकडे तिचा एकही फोटो नव्हता. समोर असलेल्या गोष्टीचा फोटो कोण काढतं.

सृष्टी आडवी झाली होती आणि छताला खिचड़ीबद्दल काही सांगत होती. मी कोऱ्या कागदापुढे बसले होते. दीप्तीजींना आताच फोन करून टाकावा, म्हणजे त्यांना दुसरं कुणी शोधायला वेळ मिळेल, असा विचार मी करत होते. फोन हातात घेतला होता. विचार अगदी सरळ होता, त्यात त्रास काही नव्हता, हेच मला थोडं विचित्र वाटलं.

न्हाणीत पाण्याचा आवाज आला. गीझर लावल्याचा नाही, थंड नळाचा. बराच वेळ आला. मग आई बाहेर आल्या, हातांत हिरवा पिळा, कोपरापर्यंत हात लाल झालेले. त्यांनी खिडकीच्या गजाला दोरी बांधली, दाराला बांधली, स्टुलावर चढून साडी पसरली. पाणी फरशीवर टपटपायला लागलं.

"आई, ती वाळली होती ना," मी म्हटलं.

"वाळली की ती पडत नाही," त्या म्हणाल्या. "नुसती लटकते."

त्या मागे सरकल्या, मान तिरकी करून बघितलं. मग मधला भाग धरून हातभर खाली ओढला. पोक थोडं डावीकडे होतं का, असं विचारलं. मी म्हटलं, थोडं. त्यांनी ते डावीकडे घेतलं. इतके दिवस मी चित्र काढत होते तेव्हा त्यांनी कधी त्याकडे मान वळवल्याचं मला आठवत नव्हतं. 'चालू दे तुझं' म्हणून त्या पलीकडे जायच्या. पोक कुठल्या बाजूला होतं ते त्यांना माहीत होतं.

मग त्या सृष्टीला उचलून पलीकडे घेऊन गेल्या, हीटर लावला आणि तिला त्याच्यापुढे बसवलं. हलायचं नाही, मम्मा तुझी सावली काढतेय, असं सांगितलं. सृष्टीनं थोडा विचार केला.

"हम हिलेंगे," ती म्हणाली.

आणि हलली. सावली साडीवरून इकडून तिकडे धावायला लागली, कधी मोठी होऊन छतावर गेली, कधी नुसतं डोकं. आईंनी एकदा दटावलं, एकदा लाडीगोडी केली, मग सुस्कारा टाकून स्वतःच हीटरपुढे बसल्या आणि तिला मांडीत घेतलं. आता साडीवर एकच सावली होती, डोंगरासारखी, आणि डोंगराच्या मधोमध एक वेगळं हलणारं काहीतरी.

आधी शाई मारायला वेळ नव्हता. शाई वाळेपर्यंत उजेड गेला असता. मी स्पंजनं अख्खा कागद भिजवला, क्लिपा लावल्या आणि थेट रंगात गेले. पिवळा वाळू द्यायला वेळ नाही, म्हणून पिवळ्यातच निळा सोडला. तो जुना हिरवा नाही झाला. तो हिरवा पुन्हा होणारही नाही, तो किती दुपारींचा होता हे मलाच माहीत. हा कच्चा होता, थोडा जास्त निळा, आणि तो जिथे जायचा तिथे स्वतः जात होता. मी बोर्ड तिरका धरला की तो खाली उतरायचा, साडी उतरत होती तसाच. सावली त्यातच घातली, कडा न ठेवता.

मधूनच पलीकडून आईंचा आवाज यायचा. त्या तिला कुठली तरी गोष्ट सांगत होत्या, मराठीत. सृष्टी मध्ये मध्ये फिर? म्हणत होती. मग फिर थांबलं. सावलीतलं हलणारं काहीतरी आधी सावकाश झालं, मग डोंगरात मिसळून गेलं. या जानेवारीत पहिल्यांदाच ती दुपारी झोपली होती, आणि मी आईंना सांगितलं की तिला आत नेऊन ठेवा, पाय भरून येतील. त्या म्हणाल्या, "तुझं होऊ दे आधी."

शाई शेवटी लावली, ओल्यातच. चिमटे काढायला टाक टेकवला आणि प्रत्येक चिमट्याभोवती काळं फुटून पसरलं, पाण्यात पाय टाकल्यासारखं. थांबवता येत नव्हतं. थांबवलंही नाही.

कागदाचा खालचा भाग राहिला. फरशी, पडलेलं पाणी, स्टुलाचे पाय असं तिथे काढायचं होतं. पण खिडकीतला उजेड गेला होता आणि वरचा रंग जिथपर्यंत यायचा तिथपर्यंत येऊन थांबला होता. मी ब्रश ठेवला. आईंना म्हटलं, झालं. त्यांना लगेच उठता आलं नाही. पाय खरंच भरून आले होते. मी सृष्टीला उचललं, आणि मग त्यांना हात दिला.

चित्र त्यांनी उभ्यानं बघितलं. स्वतःच्या सावलीवर बोट नेलं, टेकवलं नाही. एवढी मोठी दिसते का मी, असं त्यांनी विचारलं. हीटर मागे असला की दिसतं, असं मी सांगितलं. बोर्ड मी स्वतः फ्रिजवर ठेवला.

*

शुक्रवारी सकाळी कागद गालाला जवळजवळ लागला. फूलमती आली, पिशवीत लइया आणि तिलवा, म्हणजे इथले मुरमुरे आणि तिळाचे लाडू, घेऊन. आईंनी तिच्या तळहातावर फोडलेल्या पाटीचे तुकडे ठेवले, आणि तिळगूळ घ्या गोड बोला हे हिंदीत कसं म्हणायचं त्यात त्या अडकल्या. शेवटी मराठीतच म्हणाल्या. फूलमतीनं हो म्हटलं. मग आईंनी तिला ओट्याखालची बादली काढायला सांगितली, आणि शब्दावर बोट ठेवावं तसं थांबून म्हणाल्या, "नीचे वाली. नीचे." फूलमती खाली वाकली, आणि तिच्या पाठीमागे सृष्टीनं मान डोलावली.

मी दुपारच्या आत गोमती नगरला पोचले. दीप्तीजींनी चित्र भिंतीला टेकवलं, मागे सरकल्या. पहिलं चित्र त्यांनी फक्त फोनवर, अर्धवट पाहिलेलं होतं, त्यामुळे त्यांना काही हरवल्याचं कळण्यासारखं नव्हतं. त्यांनी खालच्या कोऱ्या भागाकडे पाहिलं आणि विचारलं की नीचे खाली जान-बूझकर छोड़ा है? मी म्हटलं, छूट गया.

त्यांनी कागद उलटा करून मागे पाहिलं. तिथे दोरी होती, चिमटे होते, आणि घासणीचे गोल डाग. त्या बराच वेळ बघत होत्या. एकदा ही बाजू भिंतीकडे केली, एकदा ती.

"इसमें सीधी तरफ़ कौन-सी है?"

"जो अभी गीली है," मी म्हटलं.

त्यांनी हाताची मागची बाजू कागदाला लावली, लगेच काढली. मग दारातल्या माणसाला हाक मारून सांगितलं की टेप लेकर आओ, बीच वाली आ गई. त्यानं टेप आणून मधली जागा मोजली. मी चहाला थांबले नाही. सृष्टी आईंच्या ताब्यात होती आणि आईंचे पाय अजून दुखत होते.

घरी आले तेव्हा दोघी साडीच्या पलीकडे होत्या. घेतलं का, असं तिकडून आईंनी विचारलं. मी म्हटलं, घेतलं. सावली एकदा पुढे झुकली आणि पुन्हा सरळ झाली. सृष्टी साडीच्या खालून रांगत माझ्याकडे आली, तिच्या केसांवर दोन थेंब होते. तिनं साडीचं टोक धरून गालाला लावलं.

"अभी नहीं," ती म्हणाली, आणि पुन्हा खालून पलीकडे गेली.